खिडकी कोणत्या अंगाची?

माणसाचे केस पिकतात, गुडघे कुरकुरू लागतात, घरात सुना-जावई येतात. पण खिडकीजवळच्या जागेचा हव्यास काही सुटत नाही. एस.टी. फलाटाला लागण्यापूर्वीच तिच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरणारी आमची पिढी. रुमाल नसला तर टोपी, टोपी नसली तर पिशवी, आणि अगदीच काही नसले तर घरातले एखादे हलके पोर! त्या रुमालाच्या हक्कावर आम्ही भंडाऱ्याहून नागपूरपर्यंत किती खिडक्या जिंकल्या, याचा हिशेब नाही. रेल्वेत खिडकीसाठी भावंडांशी भांडलो आणि इंजिनाच्या कोळशाचा कण डोळ्यांत गेला म्हणून रडतही बसलो. तरी पुढच्या वेळी पुन्हा खिडकीच!

विमानात मात्र रुमाल टाकता येत नाही. तेथे आधी कोष्टक समोर येते. अ, आ, ई नव्हे. ए, बी, सी, डी, ई, एफ. त्यातले ‘ए’ आणि ‘एफ’ खिडकीचे. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसले की ‘ए’ डाव्या हाताला आणि ‘एफ’ उजव्या. एवढे कळले की माणसाला वाटते, झाले, विद्या आली. आम्हालाही तसेच वाटले होते. परंतु गेल्या वर्षी आमच्या आत्याबाईंनी एकच प्रश्न विचारला आणि आमची विद्या पार उघडी पडली.

त्या आधी आमच्या गावची अडचण सांगायला हवी. भंडाऱ्याला विमानतळ नाही. जुन्या भंडारा जिल्ह्यात विमानाची धावपट्टी होती ती गोंदियाजवळ बिरसीला, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वाटणीत ती धावपट्टी धाकट्या भावाकडे गेली. तेथून नियमित प्रवासी विमान उडाले ते मार्च २०२२ मध्ये. आम्हा भंडारेकरांना आपले नागपूरचे सोनेगाव बरे. हे सोनेगाव एके काळी रात्री जागण्यासाठी प्रसिद्ध होते. १९४९ साली रात्रीची टपाल विमाने सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमाने मध्यरात्री नागपुरात येत, एकमेकांच्या थैल्या बदलून घेत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परत जात. देशाच्या मध्यभागी राहण्याचा हा फायदा!

आता गंमत पाहा. कलकत्त्याला जायचे, म्हणजे पूर्वेला जायचे. त्यासाठी आम्ही भंडाऱ्याहून निघून साठ-एक किलोमीटर उलटे पश्चिमेला नागपूरला जातो. नकाशावर नागपूर आणि कलकत्ता यांना जोडणारी रेघ ओढलीत, तर ती जवळजवळ भंडारा शहरावरूनच जाते. म्हणजे ज्या घराला कुलूप लावून, शेजाऱ्यांना किल्ली देऊन आपण पहाटे निघालो, त्याच घराच्या डोक्यावर विमान आपल्याला दहा-बारा मिनिटांत परत आणून सोडते. कमरेचा पट्टासुद्धा तेव्हा सुटलेला नसतो.

निमित्त होते बारशाचे. आत्याबाईंचा मुलगा कलकत्त्याला नोकरीस आहे. त्याच्या घरी नात झाली. आत्याबाई शहात्तर वर्षांच्या. आजवर त्या वरठीच्या, म्हणजे भंडारा रोड स्टेशनावरून जाणाऱ्या हावडा गाडीनेच जात. पण आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, तेव्हा विमानाचे ठरले. तिकिटे काढायला आम्ही बसलो, आणि आमच्या एका स्नेह्यांना फोन केला. हे स्नेही बँकेतून निवृत्त झाल्यापासून विमानांतूनच वावरतात, आणि खिडकीच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या मंडळींत प्रमाण मानला जातो.

स्नेह्यांची तीन सूत्रे आहेत. वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

पहिले सूत्र पंखाचे. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या विमानांचे पंख अंगाच्या खालच्या बाजूला असतात. त्यामुळे मधल्या रांगांत बसणाऱ्याला खिडकीतून दिसतो तो पंखाचा पत्रा. कलकत्त्यापर्यंत त्यावरचे खिळे मोजत बसावे. म्हणून पंखाच्या पुढची रांग धरावी, नाही तर अगदी मागची. मागे बसले तर इंजिनातून निघणाऱ्या तापलेल्या हवेमुळे देखावा चुलीवरच्या वाफेसारखा थोडा थरथरतो, एवढेच. लहान गावी जाणारी दोन पंख्यांची विमाने असतात, त्यांचे पंख मात्र डोक्यावर असतात. त्यात कोठेही बसा, खाली अडसर नाही. शिवाय ती कमी उंचीवरून उडतात. जमीन बघायची तर हे विमान उत्तम.

याच सूत्राचे एक पोटकलम आम्ही स्वानुभवाने जोडले आहे. एकदा आम्ही जास्तीचे पैसे मोजून खिडकीची जागा घेतली, आणि जाऊन पाहतो तो शेजारी सरळसोट भिंत! खिडकी अर्धी पुढच्याला, अर्धी मागच्याला. झाले काय, की खिडक्या कोठे असाव्यात हे विमान बांधणारा ठरवतो आणि खुर्च्या किती अंतरावर असाव्यात हे विमान चालवणारा. खुर्च्या जमिनीवरच्या रुळांत बसवलेल्या असतात, त्या हव्या तशा पुढेमागे करता येतात. दोघांचा मेळ प्रत्येक रांगेत बसतोच असे नाही. काही रांगांत तर भिंतीच्या आतून हवेचा नळ गेलेला असतो, म्हणून तेथे खिडकीच नसते. तेव्हा शक्य असेल तर त्या विमानाचा नकाशा आधी पाहावा.

दुसरे सूत्र सूर्याचे. सूर्याकडे पाठ करून बसावे. सकाळी उत्तरेकडे जाताना डावी खिडकी, संध्याकाळी उजवी. पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचे असेल तर हिवाळ्यात उत्तरेकडची खिडकी घ्यावी, कारण त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडून चालतो. सूर्याच्या बाजूला बसले की काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो, डोळे दिपतात, आणि शेवटी पडदा ओढून झोपावे लागते. फोटो काढायचा असेल तर कॅमेरा काचेजवळ न्यावा, पण टेकवू नये, कारण काचेला थरथर असते. आतला उजेड काचेत दिसू नये म्हणून गडद शालीचा आडोसा धरावा.

तिसरे सूत्र नकाशाचे. कोणत्या बाजूला बघण्यासारखे काय आहे, हे आधी पाहून ठेवावे. दिल्लीहून बागडोगऱ्याला जाणाऱ्याने डावी खिडकी सोडू नये; आकाश स्वच्छ असले तर हिमालयाची पांढरी रांग लांबपर्यंत सोबत करते. मुंबईहून नागपूरला येताना सरळ रेघेवर पाहिले तर छत्रपती संभाजीनगर जवळजवळ पायाखाली येते, कळसूबाई डावीकडे राहते, आणि जायकवाडीचा नाथसागर व लोणारचे वाटोळे सरोवर उजवीकडे. दहा हजार मीटर उंचीवरून क्षितिज साडेतीनशे किलोमीटरवर असते. पण धुरकट हवा तेवढे दिसू देत नाही. म्हणून आपल्याकडे खिडकीचा खरा हंगाम पावसाळा सरल्यापासून थंडीचे धुके पडेपर्यंतचा, म्हणजे दिवाळीच्या आसपासचा.

ही तीन सूत्रे लावून स्नेह्यांनी निकाल दिला, “सकाळचं विमान, पूर्वेचा प्रवास, कार्तिक महिना. डोळे मिटून डावी ‘ए’ घ्या. उत्तरेकडे रामटेकचा डोंगर, खिंडसीचं पाणी, तुमच्या तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणी, सगळं स्वच्छ दिसेल.”

आम्ही ‘ए’वर बोट ठेवणार, इतक्यात आत्याबाईंनी विचारले, “बापू, खिडकी कोनत्या अंगाची घेऊन राह्यला रे?”

“डाव्या अंगाची, आत्या. ऊन लागणार नाही.”

“आमचं गाव त्या अंगाले हाय का?”

आम्ही गप्प झालो.

आत्याबाईंचे गाव आंभोऱ्याच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठी होते. होते म्हणतो, कारण आता तेथे पाणी आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. धरण पुरे व्हायला वर्षे लागली. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, तेहतीस दरवाजे. पाणी अडले आणि ते भंडाऱ्याच्या दिशेने नदीपात्रातून वर चढत आले. धरणाने हजारो एकरांना पाणी देण्याचे ठरवले, आणि त्यासाठी काठावरच्या गावांनी उठायचे ठरले. आत्याबाईंचे घर पंधरा-एक वर्षांपूर्वी उठले. नव्या वसाहतीत त्यांना सरळ रस्ते मिळाले, विजेचे खांब मिळाले. मात्र जुन्या गावाकडे त्या परत कधी गेल्या नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरले की काही लोक होडीतून जाऊन देवळाचा ओटा पाहून येत. आत्याबाई म्हणत, “मेलेल्या मानसाचं तोंड एकदाच पाहा लागते.”

आणि आज त्याच आत्याबाई विचारत होत्या, आपले गाव कोणत्या अंगाला?

आम्ही नकाशा काढला. आंभोरा रेघेच्या दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटर. गाव त्याच्याही खाली. म्हणजे उजवी खिडकी, म्हणजे ‘एफ’, म्हणजे सूर्याच्या तोंडावर! आम्ही स्नेह्यांचे दुसरे सूत्र समजावून सांगितले. आत्याबाई हसल्या. “जलमभर उन्हात रोवनी केली. आता विमानातलं उन मले का करते?”

तेव्हा आत्याबाईंना ‘एफ’ दिली. आमच्या सौभाग्यवतींनी स्नेह्यांचा मान राखून त्याच रांगेतली ‘ए’ घेतली. रांग पंखाच्या मागची. आणि आमच्या वाट्याला आत्याबाईंच्या शेजारची मधली जागा आली. कुटुंबप्रमुखाची जागा बहुधा अशीच असते. दोन्हीकडचे हात सांभाळायचे आणि समोरच्या खुर्चीची पाठ बघायची.

विमानात बसताच आत्याबाईंनी काचेची पाहणी केली आणि आमच्या कानाशी येऊन म्हणाल्या, “बापू, काचेले भोक हाय. सांगून ये त्याहिले.”

भोक खरेच होते, टाचणीएवढे, काचेच्या खालच्या बाजूला. वाचकांपैकी कोणी ते पाहून घाबरले असेल, तर सांगतो. विमानाची खिडकी एका काचेची नसते. ती काचसुद्धा नव्हे, एक कणखर पारदर्शक प्लास्टिक असते. हवेचा सारा दाब बाहेरचे तावदान सोसते. मधले तावदान अडीअडचणीला राखून ठेवलेले, आणि त्याला हे भोक मुद्दाम पाडलेले. त्यातून दोन तावदानांमधली हवा आतल्या हवेशी दाबाची बरोबरी साधते आणि काचेवर दव साचत नाही. म्हणजे ते भोक आहे म्हणूनच देखावा दिसतो. आत्याबाईंना हे पटले. म्हणाल्या, “हव, मातीच्या रांजनालेही घाम यासाठी भोकं असतात.”

सोनेगावची धावपट्टी एकच, आग्नेय-वायव्य पडलेली. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते. वारा असेल त्याप्रमाणे ते या टोकाने नाही तर त्या टोकाने उठते आणि मग वळून आपली वाट धरते. आमचे विमान उठले, कलले, सरळ झाले. खाली शेते दिसू लागली. धान कापणीला आले होते. काही बांध्या पिवळ्या, काही अजून हिरव्या. आम्ही मान लांब करून पाहत होतो. आत्याबाईंनी नाक काचेला लावले होते.

स्नेह्यांचे म्हणणे खरे होते. सूर्य समोरून उजवीकडे होता आणि डोळ्यांवर ऊन येत होते. परंतु त्यांनी एक गोष्ट सांगितली नव्हती, ती त्या उन्हानेच दाखवली. आमचा जिल्हा तळ्यांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी धानासाठी बांधलेली ही तळी. आम्ही त्यांना मालगुजारी तलाव म्हणतो. एका अंगाला मातीच्या पाळीची रेघ, दुसऱ्या अंगाला वाट फुटेल तसे पसरलेले पाणी. सूर्याकडे पाठ करून बसले तर ही तळी काळपट, निळसर दिसतात, शेतांत हरवून जातात. सूर्याच्या बाजूला बसले तर आरशाचा न्याय लागू होतो. ज्या तळ्यावरून परतलेला किरण नेमका आपल्या खिडकीकडे येतो, ते तळे क्षणभर पेटल्यासारखे उजळते. विमान पुढे सरकते, ते विझते आणि पुढचे लागते. एकामागून एक अशी पणतीला पणती लागावी तशी ती तळी उजळत होती. लहान बोडीसुद्धा सुटली नाही.

मग वैनगंगा आली. ती तर रुंद चांदीचा पत्राच झाली होती. आत्याबाईंनी एकदम आमचा हात धरला.

“थो पाह्य पूल! आंभोऱ्याचा.”

नदीवरचा तारांनी तोललेला नवा पूल खेळण्यासारखा दिसत होता, आणि त्याच्याजवळ पाण्याला टेकलेली चैतन्येश्वराची टेकडी. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधू’ येथेच लिहिला, असे आमच्याकडे मानतात. पण आत्याबाईंचे लक्ष तिकडे नव्हते. त्यांनी टेकडीवर काचेतून बोट ठेवले आणि तेथून बोटे मोजत वर नेली. नदी खाली दक्षिणेला जाते, पण उजव्या खिडकीत ती काचेवर वर चढताना दिसते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. जन्मभर नदी पाहिलेल्या बाईला ते सांगावे लागलेच नाही.

“एक वळन... दुसरं वळन... इथं.”

बोटाखाली नुसते पाणी होते. ना झाड, ना कळस. सगळीकडे होते तसेच पाणी.

आम्हाला काय बोलावे सुचेना. आम्ही म्हणालो, “आत्या, नीट दिसत नाही. ऊन फार आहे.”

“दिसते ना,” त्या म्हणाल्या. “पानी हाय. चांगलं भरलं हाय.” मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “ह्या वर्सी खालच्या लोकाइचं धान पिकंल.”

त्यांनी बोट काढले. काचेवर बोटाचा डाग राहिला, तो पदराने पुसला. सहा-सात मिनिटांत आमचा जिल्हा संपला.

इतक्यात पलीकडच्या खिडकीतून सौभाग्यवतींनी आम्हाला हाका मारायला सुरुवात केली. खाली ढगांचे पुंजके लागले होते आणि त्यांवर आमच्याच विमानाची सावली पळत होती. तिच्याभोवती रंगीत कडे! हेच ते इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खालच्या धुक्यात दिसते तेच. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते त्या गडावर पाहिल्याचे १८३५ साली लिहून ठेवले आहे. ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच दिसते, म्हणून ते डाव्या खिडकीच्या वाट्याला आले. एकाच रांगेत एका खिडकीला इंद्रवज्र आणि दुसरीला वैनगंगा! स्नेह्यांचे सूत्र खोटे ठरले नाही, आत्याबाईंचेही नाही. मधल्या जागेवाल्याने मात्र दोन्ही अर्धेमुर्धे पाहिले.

बारसे थाटात झाले. परतीची तिकिटे आम्ही आधीच हुशारीने काढली होती. परतताना विमान पश्चिमेला येते, तेव्हा दक्षिण डावीकडे. म्हणून या खेपेला ‘ए’. अनेक मंडळी येथे फसतात. जाताना ‘एफ’ छान होती म्हणून येतानाही ‘एफ’ घेतात आणि दुसराच मुलूख पाहून येतात. आम्ही फसलो नव्हतो. परंतु विमानात चढल्यावर आत्याबाई खिडकीशी जाईनात.

“तू बस तिथं. मी मदात बसतो.”

“अहो आत्या, तुमच्यासाठीच घेतली ना!”

“मी पायलं. आता तू पाह्य. दर उन्हाळ्यात तूच तर त्या नदीत डुंबत होता. जातानी तू निस्ता माह्याकडेच पाहत होता.”

वाचकहो, हे खरे होते. आत्याच्या गावची सुटी, आमराईतले पाड, नदीच्या वाळूतली टरबुजे, हे सारे आम्हीही तेथेच सोडून आलो होतो. पंधरा वर्षे आम्ही “आत्याचे गाव गेले” असे म्हणत आलो. आपले काही गेले, असे म्हणायचे धैर्य झाले नव्हते. सूत्रे, नकाशे, कोष्टके यांच्या आड बसणे सोयीचे असते.

आम्ही खिडकीशी बसलो. संध्याकाळ होत आली होती, विमान उतरणीला लागले होते. पूल दिसला, टेकडी दिसली. आम्ही काचेवर बोट ठेवले. एक वळण. दुसरे वळण. तेथे मावळतीच्या उन्हाने पाणी तांबूस झाले होते. आत्याबाई मधल्या जागेवरून विचारत होत्या, “सापडलं का रे?”

“सापडलं,” आम्ही म्हणालो.

हे लिहिताना घरात चकल्यांचा वास सुटला आहे, आणि सुटीत मुलाबाळांकडे निघालेल्या अनेक मंडळींची तिकिटे निघत असतील. पंखाचे सूत्र ध्यानात ठेवा, सूर्याचेही ठेवा. पण तिकिटावर बोट ठेवण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून घ्या, खिडकी कोणत्या अंगाची हवी. आणि जमल्यास एका बाजूने त्यांना बसवा, परतताना स्वतः बसा.